गाठ शिरेला टेकली आहे की शिरेत शिरली आहे?

यकृताच्या कॅन्सरच्या फाईलमध्ये घरच्यांना सगळ्यांत जास्त घाबरवणारं वाक्य बहुतेकदा गाठीच्या आकाराचं नसतं, शिरेचं असतं. ‘गाठ आयव्हीसीला लागून आहे, मधला चरबीचा थर दिसत नाही.’ किंवा, ‘पोर्टल व्हेनच्या उजव्या फांदीत शिरकाव असण्याची शक्यता.’ आयव्हीसी आणि पोर्टल व्हेन या यकृतापाशी असलेल्या दोन मोठ्या शिरा. परळला टाटा मेमोरियलच्या नाहीतर केईएमच्या आवारात सोलापूरहून, जळगावहून, कणकवलीहून आलेली माणसं मांडीवर फाईल आणि सीडीची पाकिटं घेऊन बसलेली असतात. रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा कुणा नातलगाच्या चाळीतल्या खोलीत पाठ टेकतात. आणि त्या वाक्याचा अर्थ एकमेकांना सांगतात: नसेला लागलंय, म्हणजे आता ऑपरेशन नाही.

हा अर्थ पुष्कळदा चुकीचा असतो, आणि त्या चुकीपायी लोक हातपाय गाळून गावी परततात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाठ शिरेला टेकणं, शिरेला दाबणं, शिरेच्या भिंतीला चिकटणं आणि भिंत फोडून आत शिरणं, या चार वेगवेगळ्या अवस्था आहेत. प्रत्येकीत सर्जन वेगळा विचार करतो. अडचण अशी की पोटाबाहेरून काढलेल्या चित्रांत या चारही कधी कधी एकसारख्या दिसतात. अशा वेळी शिरेच्या आत बारीक नळी घालून, तिच्या टोकावरून सोनोग्राफी करून, शिरेची भिंत आतूनच पाहण्याची एक पद्धत आहे. तिला इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड म्हणतात. कॅथलॅबमधले, म्हणजे रक्तवाहिन्यांत नळी घालून तपासण्या करतात त्या खोलीतले लोक नुसतं ‘आयव्हस’ म्हणतात. ज्यांच्या घरी कुणाची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी हा शब्द कदाचित ऐकला असेल. हृदयाच्या धमनीत स्टेंट नीट बसला का, हे बघायला ती मुंबईत नेहमी वापरतात. यकृताच्या शिरांसाठी तिचा वापर विरळा आहे, पण जिथे लागते तिथे ती निर्णय फिरवू शकते.

शिरा कुठल्या आणि त्या इतक्या महत्त्वाच्या का

यकृत उजव्या बरगड्यांच्या आड असतं, वजन साधारण सव्वा ते दीड किलो. बाकीच्या बहुतेक अवयवांना रक्त फक्त धमनीतून मिळतं. यकृताला ते दोन वाटांनी येतं. आतडी, जठर, पाणथरी, स्वादुपिंड या सगळ्यांचं रक्त गोळा करून पोर्टल व्हेन यकृतात आणते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग हा. उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून येतं. यकृतातून बाहेर पडणारं रक्त मात्र तीन मोठ्या हिपॅटिक व्हेनमधून जातं, उजवी, मधली आणि डावी. या तिघी यकृताच्या वरच्या टोकाला आयव्हीसीला मिळतात. आयव्हीसी म्हणजे इन्फिरिअर व्हेना कावा, पोटातली सर्वांत मोठी शीर. दोन्ही पाय, ओटीपोट आणि मूत्रपिंडं यांचं रक्त घेऊन ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते, आणि जाताना यकृताच्या पाठीला अगदी चिकटून, काही जणांत तर यकृतात अर्धीमुर्धी रुतून जाते.

फ्रेंच शल्यविशारद क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात यकृताचे आठ भाग मांडले. आजही रिपोर्टमध्ये ‘सेगमेंट सहा’, ‘सेगमेंट आठ’ असं लिहितात ते त्याच मांडणीतून. यातला पहिला भाग, कॉडेट लोब, थेट आयव्हीसीसमोर बसलेला आहे. त्याच्या छोट्या छोट्या शिरा मोठ्या हिपॅटिक व्हेनमध्ये न जाता सरळ आयव्हीसीतच उघडतात. म्हणजे या भागातली गाठ दोन सेंटिमीटरची असली तरी ती आयव्हीसीला टेकलेली असण्याची शक्यता दाट. जागाच तेवढी. म्हणून रिपोर्टमध्ये ‘लागून आहे’ असं दिसलं की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: गाठ कुठल्या सेगमेंटमध्ये आहे?

दुसरा प्रश्न, गाठ कुठल्या जातीची आहे? कारण सगळ्या गाठी शिरेशी सारख्या वागत नाहीत. यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उठणारा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, बहुतेक वेळा सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृतात होणारा, हा शिरेत वाढण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. तो पोर्टल व्हेनच्या लहान फांदीत शिरतो आणि आतल्या आत पुढे सरकत मोठ्या फांदीत, तिथून मुख्य शिरेत येऊ शकतो. हिपॅटिक व्हेनच्या वाटेने गेला तर आयव्हीसीत, आणि क्वचित थेट हृदयाच्या कप्प्यापर्यंत. शिरेत अशी वाढलेली जी गाठ असते तिला ट्यूमर थ्रॉम्बस म्हणतात. ती नुसती रक्ताची गुठळी नव्हे, तिच्यात जिवंत कॅन्सरपेशी असतात आणि तिला स्वतःचा रक्तपुरवठाही असतो. जपानी डॉक्टरांनी याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. पोर्टल व्हेनसाठी व्हीपी १ ते व्हीपी ४, हिपॅटिक व्हेनसाठी व्हीव्ही १ ते व्हीव्ही ३. आकडा जितका मोठा, तितका शिरकाव मुख्य शिरेच्या जवळ. व्हीपी ४ म्हणजे पोर्टल व्हेनच्या मुख्य खोडापर्यंत किंवा दुसऱ्या बाजूच्या फांदीपर्यंत, व्हीव्ही ३ म्हणजे आयव्हीसीपर्यंत.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून यकृतात आलेल्या गाठी वेगळ्या वागतात. त्या आयव्हीसीला किंवा हिपॅटिक व्हेनला बहुधा ढकलतात, बाजूला सारतात, चपटी करतात. भिंत फोडून पोकळीत वाढणं त्यांच्यात तुलनेने कमी दिसतं. यकृताच्या दारापाशी होणारा पित्तनलिकेचा कॅन्सर पोर्टल व्हेनला बाहेरून गराडा घालतो आणि आवळत जातो. म्हणून ‘आयव्हीसी चपटी दिसते आहे’ हे एकच वाक्य एका रुग्णाच्या रिपोर्टमध्ये चिंतेचं असतं, तर दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये फारसं नसतं.

सीटीत दिसत नाही असं काय आहे?

सीटी आणि एमआरआय ही आजची मुख्य साधनं आहेत, आणि फार चांगली आहेत. शिरेच्या पोकळीत ठळक वाढलेली गाठ ती सहसा पकडतात. इंजेक्शनमधून डाय, म्हणजे चित्रात रक्त उजळ दाखवणारं औषध, दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत, धमनीच्या टप्प्यात, शिरेतला तो भाग उजळला तर तो ट्यूमर थ्रॉम्बस असण्याची शक्यता वाढते, कारण साध्या रक्ताच्या गुठळीत रक्तपुरवठा नसतो आणि ती उजळत नाही. शीर फुगलेली दिसते तेव्हाही संशय बळावतो. इथे आयव्हसची गरजच पडत नाही.

गोची होते ती भिंतीवर. आयव्हीसीची भिंत जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. पोटाच्या सीटीच्या चित्रातला एक ठिपका साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो, आणि एकेका कापाची जाडी त्याहून जास्त असू शकते. म्हणजे भिंत, तिला टेकलेली गाठ आणि आतलं रक्त, हे तिन्ही मिळून शेजारशेजारच्या दोन-तीन ठिपक्यांत मावतात आणि त्यांचे रंग एकमेकांत मिसळून जातात. त्यात शिरेतला दाब अगदी कमी. धमनी भरलेली, ताठ असते. शीर मऊ असते. मोठी गाठ बाजूने टेकली की आयव्हीसी दबून नुसती एक फट उरते. सीटीत ती फट कधी दिसतच नाही, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की गाठीनं शीर गिळली. गाठ आणि शीर यांच्यामध्ये चरबीचा बारीक थर दिसला तर दिलासा असतो; न दिसला तर शिरकाव झालाच असं म्हणता येत नाही, कारण यकृताच्या आतल्या शिरांभोवती अशी चरबी मुळातच नसते किंवा फार थोडी असते. रिपोर्ट लिहिणारे रेडिऑलॉजिस्ट म्हणूनच ‘शक्यता’, ‘नाकारता येत नाही’ असं लिहितात. ते जबाबदारी टाळत नाहीत, चित्रातून जेवढं सांगता येतं तेवढंच प्रामाणिकपणे सांगतात.

आपल्या शहरातल्या जुन्या पाइपलाइनीला वडपिंपळाच्या मुळांनी विळखा घातलेला असतो. मुळं पाइपाला नुसती वेढून आहेत की सांध्यातून आत घुसली आहेत, हे वर खणून पाहिलं तरी ठरत नाही. पाइपातून कॅमेरा सरकवला की लगेच कळतं. आयव्हसचा विचार हाच.

नळीच्या टोकावरची सोनोग्राफी

सोनोग्राफीत ध्वनिलहरी सोडतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र बनवतात. मऊ उतींमध्ये आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. पोटावर प्रोब, म्हणजे लहरी सोडणारं आणि टिपणारं उपकरण, ठेवून जी सोनोग्राफी करतात ती साधारण साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालते. त्या लहरीची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत येते, आणि त्याहून बारीक तपशील तिला नीट वेगळा दाखवता येत नाही. लहरीची कंपनं वाढवली की तपशील बारीक दिसतो. २० मेगाहर्ट्‌झला लहरीची लांबी जवळपास ०.०८ मिलिमीटर होते. पण तेवढी बारीक लहर खोलवर जात नाही, वाटेतच विरते. पोटाच्या कातडीवरून आयव्हीसीपर्यंत पोचायला दहा-बारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त अंतर असतं, मधे आतड्यातली हवा आणि बरगड्या. बारीक लहरीला हे जमणारच नाही.

मग प्रोबच शिरेच्या आत नेला तर? अंतर सेंटिमीटरांवरून मिलिमीटरांवर येतं, आणि बारीक लहर वापरता येते. इतकी साधी गोष्ट आहे, आणि मला तीच फार सुंदर वाटते. रॉटरडॅममध्ये निकोलास बॉम यांनी १९७२ मध्ये नळीच्या टोकाभोवती ३२ बारीक घटक बसवून हृदयाच्या आतून चित्र घेण्याचं यंत्र मांडलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र हृदयाच्या धमन्यांत शिरलं. १९९० च्या दशकात जपानमध्ये, विशेषतः नागोयाच्या सर्जननी, ते पोर्टल व्हेनमध्ये आणि आयव्हीसीमध्ये वापरून पाहिलं: स्वादुपिंड, पित्तनलिका आणि यकृत यांच्या गाठी शिरेच्या भिंतीत शिरल्या आहेत का, हे ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन चालू असताना तपासायला.

शिरेच्या मापाप्रमाणे प्रोब निवडावा लागतो. २० मेगाहर्ट्‌झचा प्रोब चहूबाजूंना साधारण एक सेंटिमीटरपर्यंत नीट बघतो. आयव्हीसीच मुळी दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद, म्हणजे प्रोब मधोमध असला तर भिंत त्याच्या नजरेच्या अगदी काठावर येते आणि भिंतीपलीकडची गाठ दिसत नाही. म्हणून मोठ्या शिरेसाठी १० मेगाहर्ट्‌झच्या जवळपासचा, थोडा जाड नळीवरचा प्रोब बरा पडतो. तो तीनेक सेंटिमीटरपर्यंत बघू शकतो. नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. हृदयाच्या धमनीतली नळी तीन फ्रेंचच्या आसपास असते, मोठ्या शिरेतली आठ-नऊ फ्रेंच, म्हणजे पावणेतीन ते तीन मिलिमीटर.

पडद्यावर काय दिसतं

आयव्हीसी तपासायची असेल तर वाट सोपी आहे. रुग्ण कॅथलॅबच्या टेबलावर उताणा. जांघेत भूल देणारं इंजेक्शन, मग तिथल्या फिमोरल व्हेनमध्ये सुई, सुईतून गाइडवायर, म्हणजे वाट दाखवणारी बारीक तार, आणि वायरवरून शीथ, म्हणजे नळी आतबाहेर करायची छोटी पोकळ वाट. मानेतल्या जुगुलर व्हेनमधूनही जाता येतं. पूर्ण बेशुद्ध करण्याची सहसा गरज नसते. वायर आयव्हीसीतून वर हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेतात, तिच्यावरून आयव्हसची नळी चढवतात, आणि मग ती सावकाश मागे ओढत आणतात. या ओढण्याला ‘पुलबॅक’ म्हणतात. सगळी तपासणी त्या पुलबॅकमध्ये असते.

पडदा गोल. मधोमध नळीचं काळं वर्तुळ. भोवती शिरेची पोकळी, तीत वाहणारं रक्त करड्या ठिपक्यांच्या हलत्या धूसर थराने दिसतं. पहिल्यांदा हृदयाचा कप्पा, मोठा, ठोक्याबरोबर उघडझाप करणारा. थोडं खाली आलं की पोकळी अरुंद होते आणि एका बाजूने हिपॅटिक व्हेनचं तोंड उघडतं, मग दुसरी. मग यकृताच्या पाठीमागचा आयव्हीसीचा टप्पा. शिरेची भिंत इथे एक बारीक, उजळ, सलग रेघ म्हणून दिसते, आणि तिच्यापलीकडे यकृताचा एकसारखा करडा पोत. आणखी खाली मूत्रपिंडांच्या शिरा मिळतात, आणि उजव्या मूत्रपिंडाची धमनी आयव्हीसीच्या मागून आडवी जाताना दिसते. या खुणांवरून आपण नेमके कुठे आहोत हे कळतं, आणि सर्जनला पुढे सांगता येतं: गाठ उजव्या हिपॅटिक व्हेनच्या तोंडापासून इतके मिलिमीटर खाली सुरू होते आणि मूत्रपिंडाच्या शिरेच्या इतक्या वर संपते.

आता गाठीपाशी. करडा पोत बदलतो, कुठे गडद, कुठे खरखरीत. उजळ रेघ आत वळते, पोकळी एका बाजूने चेपते. इथे डोळे रेघेवर ठेवायचे. रेघ वाकली आहे पण सलग आहे, तर गाठ नुसती दाबते आहे. रेघेत खंड पडला, एका ठिकाणी ती विरून गाठीचा पोत थेट पोकळीच्या कडेला आला, तर भिंतीत शिरकाव झाला असण्याची शक्यता मोठी. आणि गाठीचा उंचवटा रेघ ओलांडून पोकळीत आला, रक्तात हलतो आहे, तर मग शंकाच नको. शिवाय हे स्थिर चित्र नाही. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं. श्वासाबरोबर शिरेचा घेर बदलतो. भिंत गाठीवरून मोकळी सरकते की तिथे अडकून राहते, हेही पाहता येतं. सीटीत जी फक्त फट दिसत होती ती श्वास रोखून जोर लावल्यावर उघडते, आणि आतली भिंत गुळगुळीत निघते. त्या क्षणी पोटाचं ऑपरेशन ‘करता येणार नाही’ वरून ‘करता येईल’ वर आलेलं असू शकतं.

पोर्टल व्हेनची गोष्ट अवघड आहे. ती दोन्ही टोकांना केशवाहिन्यांनी बंद आहे, एकीकडे आतड्यांच्या, दुसरीकडे यकृताच्या. जांघेतून किंवा मानेतून तिच्यात सरळ जाता येत नाही. एकतर बरगड्यांमधून कातडीतून सुई घालून यकृताच्या आरपार तिच्या फांदीत जावं लागतं, नाहीतर ऑपरेशनच्या वेळी पोट उघडल्यावर आतड्याच्या एखाद्या छोट्या शिरेतून. पहिल्या वाटेत यकृताला भोक पडतं, आणि ज्यांचं यकृत सिरोसिसने खराब झालंय, प्लेटलेट कमी आहेत, पोटात पाणी आहे, त्यांना रक्तस्रावाचा धोका असतो. हे रुग्ण कोण? बरेचसे तेच, ज्यांना हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा झालेला असतो. म्हणून पोर्टल व्हेनसाठी आयव्हस फार निवडून वापरावं लागतं. माझ्या मते फक्त प्रश्नाचं उत्तर जाणायचं म्हणून ती सुई घालू नये. तीच वाट पुढच्या उपचारासाठीही लागणार असेल, तर गोष्ट वेगळी.

उत्तर मिळालं तर काय बदलतं

रेघ सलग असेल तर अनुभवी सर्जन गाठ शिरेवरून सोलून काढण्याचा विचार करू शकतो, शीर जागच्या जागी ठेवून. भिंतीत थोडासा शिरकाव असेल तर तेवढी भिंत कापून शिवावी लागते, किंवा तिथे पॅच लावावा लागतो. बराच घेर गेला असेल तर आयव्हीसीचा तुकडा काढून कृत्रिम नळी बसवतात. या ऑपरेशनमध्ये काही वेळ आयव्हीसी गाठीच्या वर आणि खाली चिमट्याने बंद करावी लागते, आणि यकृताकडे येणारं रक्तही. यकृताच्या दाराशी रक्त अडवण्याची युक्ती प्रिंगल या सर्जनने १९०८ मध्ये सांगितली, ती आजही रोज वापरली जाते. पण आयव्हीसी बंद केली की शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे येणारं रक्तच थांबतं आणि ब्लडप्रेशर कोसळू शकतं. गाठ हृदयाच्या कप्प्यापर्यंत गेली असेल तर हार्ट-लंग मशीन आणि हृदयाचे सर्जनही टेबलाशी लागतात.

हे सगळं आधी ठाऊक असणं आणि पोट उघडल्यावर अचानक कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी कळलं तर भूलतज्ज्ञ तयारीत असतात, नळी आणि पॅच शस्त्रक्रियागृहात आलेले असतात, रक्तपेढीत पिशव्या राखून ठेवलेल्या असतात. परगावच्या माणसांना मुंबईत रक्तदाते जमवायलाच दोन-तीन दिवस जातात. त्यांना ‘बारा पिशव्या लागतील’ हे आदल्या रात्री सांगणं आणि आठवडाभर आधी सांगणं यात किती फरक पडतो, ते ज्यांनी फोनवर फोन फिरवलेत त्यांना विचारा.

शिरकाव झालाच आहे असं निघालं तरी सगळं संपलं असं नाही, हेही इथेच सांगायला हवं. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडलेल्या आणि आजही जगभर वापरात असलेल्या टप्प्यांत, शिरेत गेलेला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा ‘सी’ टप्प्यात येतो, आणि तिथे औषधोपचार हा मुख्य मार्ग मानला आहे. अनेक वर्षं सोराफेनिब ही गोळीच होती. २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही दोन इंजेक्शनं एकत्र देणं तिच्याहून सरस ठरलं. शिरकाव एकाच छोट्या फांदीत असेल तर आशियातली कित्येक केंद्रं ऑपरेशनचा, नेमक्या जागी रेडिएशनचा किंवा धमनीतून किरणोत्सारी कण सोडण्याचाही विचार करतात. प्रत्यारोपणाचं मात्र वेगळं आहे. १९९६ च्या मिलान निकषांनुसार एक गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत, आणि मोठ्या शिरेत शिरकाव नको. तिथे शिरेचा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आयव्हसला काय जमत नाही

भिंतीला चिकटलेली गाठ आणि भिंतीत नुकती शिरू लागलेली गाठ, यांत फरक करणं आयव्हसलाही कठीण जातं. आधी केमोएम्बोलायझेशन (धमनीतून गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करणं) किंवा रेडिएशन झालं असेल, तर सुजेमुळे किंवा व्रणामुळे उजळ रेघ पुसट होते, आणि शिरकाव नसताना शिरकाव वाटू शकतो. शीर पूर्ण बंद झाली असेल तर नळी पुढे जातच नाही. पोकळीत सैल गाठ तरंगत असेल तर नळीच्या धक्क्याने तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊन अडकण्याची भीती असते. अशा वेळी हात थांबवणं हेच शहाणपण. आणि मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन, म्हणजे नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा बारीक शिरांतला शिरकाव, तो आयव्हसमध्ये दिसत नाही, सीटीत दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. तो कळतो गाठ काढून पॅथॉलॉजीला पाठवल्यावरच.

या कामासाठी आयव्हस वापरल्याचा अनुभवही मुख्यतः छोट्या छोट्या रुग्णगटांवरचा आहे. त्यामुळे ती प्रत्येक रुग्णाला हवी, असं कुणी सांगत असेल तर मला ते पटणार नाही. नळी एकदा वापरून टाकायची आणि महाग. शिवाय तिला एक तगडा पर्याय आहे: ऑपरेशन चालू असताना सर्जन छोटा प्रोब थेट यकृतावर ठेवून सोनोग्राफी करतात. यकृताच्या शस्त्रक्रियेत हे आता नेहमीचं झालंय, आणि त्यात शिराही छान दिसतात. फरक एवढाच की त्यासाठी पोट उघडावं लागतं, निदान दुर्बिणीसाठी भोकं तरी पाडावी लागतात. आयव्हसचा खरा उपयोग मला दिसतो तो त्या थोड्या रुग्णांत, ज्यांच्यात सीटी आणि एमआरआय दोन्ही आयव्हीसीबद्दल अडखळतात, गाठ एरवी काढण्यासारखी आहे, उरणारं यकृत पुरेसं आहे, आणि पोट उघडण्याच्या आधीच उत्तर हवं आहे. नळी आत गेलेलीच असेल तर आयव्हसच्या नजरेखाली पोकळीतल्या गाठीचा तुकडा बायोप्सीसाठी घेता येतो, हा आणखी एक फायदा. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट दिलासा देणारी आहे: आयव्हसच्या चित्राला डाय लागत नाही.

तपासणीनंतर जांघेवर काही मिनिटं दाब देऊन रक्त थांबवतात आणि पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायला सांगतात. शिरेतला दाब कमी असल्यामुळे हे अँजिओग्राफीनंतरच्या झोपण्याहून सोपं जातं.

सर्जनला भेटायला जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. दुसरा रेडिऑलॉजिस्ट तीच चित्रं पाहून वेगळं बोलू शकतो, आणि यकृताच्या गाठी रोज पाहणाऱ्याचं मत इथे फार मोलाचं असतं. डायची सीटी तीन टप्प्यांची, म्हणजे डाय दिल्यावर तीन वेगवेगळ्या वेळी चित्रं घेतलेली आहे का, हे विचारा, कारण एकाच टप्प्याच्या सीटीवरून शिरेबद्दल बोलणं धोक्याचं. मग सरळ विचारा, ‘डॉक्टर, गाठ शिरेला दाबतेय, चिकटलीय की आत गेलीय? कुठल्या शिरेला, आणि किती लांबीवर?’ उत्तर ‘सांगता येत नाही’ असं आलं तर पुढचा प्रश्न, ‘ते कळायला काय करता येईल, आणि कळल्याने आमचा उपचार बदलेल का?’ बदलणार नसेल, तर आणखी एक तपासणी कशाला. बदलणार असेल, तर एमआरआय, आयव्हस किंवा ऑपरेशनमधली सोनोग्राफी, यांतलं काय हाताशी आहे ते ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, ठरू द्या. ऑपरेशन झालं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधली शिरेच्या शिरकावाची ओळ वाचून घ्या. काढलेल्या तुकड्याच्या कडेला शाई लावून, शिरेच्या भिंतीचे पातळ काप करून तिथे शेवटचं उत्तर दिलेलं असतं, आणि पुढची सीटी किती महिन्यांनी करायची, हे ठरवताना डॉक्टर त्या ओळीचाही विचार करतात.